मिसेस डिसा आणि ललिता पवार

ललिता पवार हे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे खाष्ट सासू उभी राहते. दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेतील (१९८७) मंथरेने ती प्रतिमा अधिकच पक्की केली. परंतु या अभिनेत्रीचे मोठेपण केवळ खलभूमिकांनी मोजणे आम्हांस अपुरे वाटते. ते जोखायचे तर 'अनाडी' (१९५९) मधील मिसेस डिसांकडे वळावे लागेल.

१९१६ साली येवल्यात जन्मलेली अंबिका सगुण मूकपटांच्या काळात बालकलाकार म्हणून पडद्यावर आली आणि पुढे नायिका झाली. १९४२ साली 'जंग-ए-आज़ादी'च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांची थप्पड वर्मी बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. हे भगवान म्हणजे दादर-परळच्या गिरणी वस्तीत वाढलेले आपले भगवानदादा. नायिकापद गेले, पण बाई खचल्या नाहीत. त्या चरित्र अभिनयाकडे वळल्या. परळच्या राजकमल कलामंदिराच्या 'दहेज' (१९५०) मध्ये त्यांनी रंगविलेली सासू प्रेक्षकांना चांगलीच झोंबली.

त्या अधू डोळ्यामुळेच त्यांना दुष्ट स्त्रिया साधल्या, असे सर्रास म्हटले जाते. आम्हांस ते मान्य नाही. मिसेस डिसांचा डोळा तोच आहे. भाड्यासाठी भाडेकरूला दरडावताना तो बारीक होतो आणि त्याच पोराच्या काळजीने ओलावतो. 'दहेज'मधील सासू आणि 'अनाडी'तील घरमालकीण यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : घरावर हुकमत गाजविणारी बाई. ती हुकमत लोभाच्या हाती गेली की सून भरडली जाते. मायेच्या हाती गेली की परक्याचे पोर आपले होते. हे एक मूळ ललिताबाईंना नेमके गवसले होते.

आपल्या वाचकांना या भूमिकेविषयी अधिक जिव्हाळा वाटावा, याला कारण आहे. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणूस बहुधा दारूच्या गुत्त्यात किंवा क्लबात दाखविला. खोताच्या वाडीतील वा दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या परिसरातील कष्टाळू, तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ बाई मात्र त्यास क्वचितच दिसली. हृषिकेश मुखर्जी यांनी ती पाहिली आणि ललिताबाईंनी तिला देह दिला. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पुढे 'आनंद' (१९७१) मध्ये मुखर्जींनीच त्यांना मेट्रन डिसा केले. नर्सिंग होमला शिस्त लावणारी ही मेट्रन आनंदपुढे विरघळते, तेव्हा जुनी घरमालकीणच भेटल्यासारखे वाटते.

एक उणीव नोंदविली पाहिजे. भेसळीच्या औषधाने मिसेस डिसांचा मृत्यू होतो आणि त्या मृत्यूचे सारे ओझे नायकाच्या कथेकडे वळते. ख्रिस्ती शेजारीण इतरांच्या उद्धारासाठी कामी येते. तिचे स्वतःचे आयुष्य दुय्यमच राहते. हा दोष पटकथेचा आहे, अभिनेत्रीचा नव्हे. उलट, मिळालेल्या थोड्या जागेत तिने एक संपूर्ण बाई उभी केली, म्हणूनच तिचे जाणे चटका लावते.

१९६१ साली संगीत नाटक अकादमीने ललिताबाईंचा गौरव केला. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. लोकांनी त्यांच्या सासूला मनसोक्त शिव्या दिल्या. ती त्यांच्या अभिनयाला मिळालेली दादच होती. मिसेस डिसांना मात्र शिवी नको, दादही नको. त्यांची ओळख तेवढी राहावी.