दोन एकर गहू आणि साडेचार अब्ज डॉलर

१९८२च्या मे महिन्यात ॲग्नेस डेनेस या बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या कलावतीने न्यूयॉर्कमध्ये दोन एकर गहू पेरला. जागा मॅनहटनच्या दक्षिण टोकाची, वॉल स्ट्रीटपासून अगदी जवळची. वर्ल्ड ट्रेड सेंटर बांधताना निघालेली दगडमाती हडसन नदीत टाकून तयार झालेल्या या भरावाच्या जमिनीची किंमत तेव्हा साडेचार अब्ज डॉलर सांगितली जात होती. डेनेस आणि तिच्या मदतनिसांनी राडारोडा वेचला, ट्रकांनी चांगली माती आणून पसरली, हातांनी २८५ सऱ्या पाडल्या, बी टाकलं, तण काढलं, पाणी दिलं. १६ ऑगस्टला कापणी झाली आणि हजार पौंडांहून जास्त, म्हणजे साधारण साडेचार क्विंटल गहू निघाला.

पैसा, आर्थिक जोखीम आणि भूमी यांच्याविषयी गेल्या पाच-सहा दशकांत जी संकल्पनात्मक कला झाली, तिच्यात ही कृती मला आजही सर्वांत वरची वाटते. एकाच जमिनीच्या दोन किमती तिने शेजारी शेजारी ठेवल्या: एक प्लॉटची, दुसरी पिकाची. शिवाय हे पीक फसू शकलं असतं. रोग पडला असता, ऐन ओंबीत आलेला गहू पावसाने लोळवला असता, तर हाती काहीच लागलं नसतं. जोखमीबद्दल बोलणाऱ्या कलावंताने स्वतः जोखीम घेतलेली असावी, ही अपेक्षा मला रास्त वाटते. या कलेचं मोजमाप मी त्याच अपेक्षेने करतो.

गॉर्डन मॅटा-क्लार्क या कसोटीला उतरतो. १९७३-७४मध्ये त्याने न्यूयॉर्क शहराच्या लिलावांत जमिनीचे १५ तुकडे विकत घेतले. मोजणीतल्या चुकांमुळे उरलेल्या या पट्ट्या होत्या. काही इतक्या अरुंद की उभं राहणंही कठीण, काही चहूबाजूंनी बंद. २५ ते ७५ डॉलरला एकेक मिळाली. खरेदीखतं, नकाशे आणि छायाचित्रं हीच त्याची सामग्री. मालकी म्हणजे शेवटी कागदावरची एक रेघ, हे त्याने प्रत्यक्ष मालक होऊन दाखवलं. १९७८मध्ये तो तरुणपणीच वारला, कर थकला आणि जमिनी पुन्हा शहराकडे गेल्या. एमी बाल्किन हिने २००४पासून हाच मार्ग हवेत नेला: प्रदूषणाचे परवाने बाजारातून विकत घ्यायचे, ते वापरायचे नाहीत आणि तेवढ्या आकाशाला सार्वजनिक उद्यान म्हणायचं. व्यवहार खरा, पावती खरी, उद्यान मात्र दिसत नाही.

याउलट मायकेल नाजर या जर्मन छायाचित्रकाराची ‘हाय अल्टिट्यूड’ ही मालिका. जानेवारी २००९मध्ये तो ६,९६२ मीटर उंचीच्या अकोन्काग्वावर चढला आणि तिथल्या कड्यांची छायाचित्रं संगणकावर अशी बदलली की शिखररेषा डाऊ जोन्स, निक्केई यांच्या आलेखांशी जुळावी. एका चित्रात लेहमन ब्रदर्सच्या समभागाचा चढ आणि २००८चा कडेलोट आहे. चित्रं देखणी आहेत, त्यामागचे कष्टही खरे आहेत. पण माझा आक्षेप मूळ कल्पनेलाच आहे. पर्वत कुणी ठरवून उभा केलेला नसतो; बुडणाऱ्या बँकेमागे मात्र माणसांचे निर्णय असतात, सह्या असतात. आलेखाला डोंगराचं रूप दिलं की मंदी भूकंपासारखी नैसर्गिक आपत्ती वाटू लागते आणि जबाबदार माणसं चित्रातून निसटतात. प्रदर्शनांतून आज अशा कामाची चलती आहे. बाजाराचे आकडे घ्यायचे, त्यांची लाट, ढग किंवा टेकडी करायची, भिंतीवर लावायची. हे सजावटीचं काम झालं.

बाजार स्वतः मात्र निसर्गात फार खोल शिरला आहे. शिकागोच्या मर्कंटाइल एक्स्चेंजवर १९९९पासून तापमानावर वायदे होतात. म्हणजे थंडी किती पडेल, यावर सौदा. मुंबईला हे नवं वाटू नये. अमेरिकन यादवी युद्धात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा प्रेमचंद रायचंद आणि त्यांच्या काळातल्या सटोडियांनी बॅकबेच्या भरावासाठी कंपनी काढली. समुद्र अजून बुजवायचा होता, पण त्यातल्या जमिनीचे समभाग अनेक पटींनी चढले. १८६५मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि त्याबरोबर शहरातली कितीतरी घराणी बुडाली. डेनेसच्या शेताखालचा भराव आणि हा भराव यांचं नातं आपल्या एखाद्या कलावंताने उलगडायला हवं होतं.

आपल्याकडे या वाटेवर सर्वांत पुढे आहे तो प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसाखाणीच्या गावचा. थेट भिंतींवर तो कोळशाने चित्रं काढतो. माणसांच्या डोक्यांच्या जागी अवजारं, यंत्रं उगवलेली असतात. खाणीतून जे निघतं त्यानेच खाणीचं चित्र निघतं, म्हणून त्याच्या रेषेत वजन आहे. २०२२च्या व्हेनिस बिनालेपर्यंत हे काम पोचलं. पण पाचपुत्यांच्या कामात खणलेली जमीन आणि राबणारं शरीर दिसतं, तितका कर्ज, विमा, वायदा हा कागदोपत्री भाग दिसत नाही. तो भाग मराठी कलेत जवळजवळ अस्पर्श आहे.

सामग्री मात्र गावोगाव पडून आहे. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो आणि त्यात बँकेचा, सोसायटीचा बोजा चढवलेला असतो. कलावंत हान्स हाकेने १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या एका घरमालक गटाच्या १४२ मालमत्तांची छायाचित्रं आणि सरकारी दप्तरातल्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा गुगनहाइम संग्रहालयाने प्रदर्शनच रद्द केलं. त्यात एकही गुप्त कागद नव्हता; सगळं कुणालाही बघता येईल असं होतं. सातबाराही तसाच कुणालाही बघता येतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे: निर्देशांकांचे डोंगर करत बसू नका. आपल्या किंवा शेजारच्या गावच्या तलाठ्याकडे जा, फेरफार वाचायला शिका, आणि बोजा असलेल्या एका तरी शेतात पेरणीपासून मळणीपर्यंत राबा.