ढगांतला खून आणि झाडावरचा साप

ॲगाथा ख्रिस्ती यांच्या 'डेथ इन द क्लाउड्स' (१९३५) या कादंबरीवरची श्रुतिका बीबीसीने २००३ साली सादर केली. प्वारोची भूमिका जॉन मॉफॅट यांची. पॅरिसहून क्रॉयडनला निघालेल्या विमानात सावकारी करणारी एक बाई मृत आढळते. मानेवर टोचल्याची खूण, आणि विष आफ्रिकेतील बूमस्लँग या झाडावरच्या सापाचे!

हे रहस्य नभोवाणीला मानवते. बंद केबिनमध्ये प्रवाशांना जे दिसूनही जाणवत नाही, ते श्रोत्याला दिसतच नाही. तोही तितकाच बेसावध. अडचण येते ती प्वारो प्रवाशांच्या सामानाची यादी मागवतो तिथे. वाचक पान उलटून ती पुन्हा तपासतो. श्रोत्याच्या कानांवरून ती एकदाच जाते. पुरावा पारखायला सवडच नसेल, तर श्रोत्याला न्याय कसा मिळणार?

विषाची निवड मात्र आम्हांस साफ चुकीची वाटते. बूमस्लँगच्या विषामुळे रक्त गोठविणारे घटक संपून जातात आणि मग शरीरात ठिकठिकाणी रक्तस्राव होतो. याला कित्येक तास लागतात. १९५७ मध्ये शिकागोचे सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांना या सापाचे पिल्लू चावले. ते स्वतःची लक्षणे टिपत राहिले, दुसऱ्या सकाळी न्याहारीही केली, आणि सुमारे चोवीस तासांनी मरण पावले. इथे तर काट्याच्या टोकाला मावेल एवढेच विष. बाई क्रॉयडनला उतरून देणेकऱ्यांना भेटूनही आल्या असत्या!

वरच्या वर्गांत ही श्रुतिका ऐकवताना शिक्षकांनी विषाच्या उल्लेखापाशी थांबावे आणि विचारावे: यावरून टोचल्याची वेळ ठरवता येईल काय?