रझाकारीच्या आठवणी आणि डिजिटल अभिलेखागार : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

फाळणी अनुभवलेल्या पिढीच्या वैयक्तिक आठवणी जतन करण्याचा एक मोठा प्रयत्न म्हणजे गुनीता सिंग भल्ला यांनी २०१० मध्ये बर्कले येथे सुरू केलेले '१९४७ पार्टिशन अर्काइव्ह' होय. दहा हजारांहून अधिक मुलाखती जमविणाऱ्या या संग्रहाचे मोल निर्विवाद आहे. तथापि त्याचाच साचा मराठवाड्यास लागू पडेल काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

सदर संग्रहाचा नकाशा स्थलांतर 'कोठून' व 'कोठे' अशा बिंदूंत दाखवितो. १९९९ मध्ये स्वतंत्र झालेला हिंगोली जिल्हा १९४८ मध्ये निजामी राजवटीतील परभणी जिल्ह्याचा भाग होता; पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. रझाकारांच्या भयाने नदी ओलांडलेली अनेक कुटुंबे पोलीस कारवाईनंतर परतली. नकाशावर हा प्रवास जेमतेम दिसेल; सांगणाऱ्याच्या लेखी मात्र तो देश बदलणेच होता. कालनोंदीचेही तसेच. कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ अशी पाच दिवस चालली. पण 'रझाकारीत' असे म्हणणारी वृद्ध स्त्री त्याआधीचा सारा धास्तीचा काळ त्या एका शब्दात सांगते. त्या शब्दाच्या जागी तारीख घातली की आठवण जाते, माहिती तेवढी उरते.

अधिक गंभीर प्रश्न निवडीचा आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या कार्यास निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांमुळे तरी लिखित रूप मिळाले. वसमतच्या महाविद्यालयास हुतात्मा बहिर्जी यांचे नाव आहे. अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आहे. चूल, गुरे, धान्य मागे टाकून निघालेल्या स्त्रियांच्या वाट्यास असे फारसे काही आले नाही. आणि कारवाईनंतर संस्थानात ज्या मुस्लिम घरांवर हल्ले झाले त्यांचे काय? पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या २७ ते ४० हजार अंदाजिली. तिचा अहवाल मात्र अनेक दशके अप्रकाशित राहिला. या दोन्ही आठवणी शेजारी शेजारी न ठेवणारा संग्रह गौरवग्रंथाच्याच वाटेने जाईल, मग तो कितीही आधुनिक यंत्रावर साठविलेला असो.

तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घ्यावयाचे तर मूळ ध्वनी व बोलीतील लिप्यंतर दोन्ही राखावे, आणि काही नावे ठरावीक काळ गुप्त ठेवण्याचा अधिकार सांगणाऱ्यास द्यावा. मुलाखत घेताना ओट्यावर आणखी कोण बसले होते, याचीही नोंद व्हावी. शेजारी ऐकत असताना माणूस निराळे सांगतो.