दंगलीनंतरचा फोटो आणि रोजचे जगणे

दंगल झालेल्या समाजाचे छायाचित्र कसे असावे, हा प्रश्न आपल्या साहित्य-चर्चेत सहसा येत नाही. कथा-कवितेतल्या मुस्लिम चित्रणावर आपण पुष्कळ बोललो आहोत. मात्र आपल्या समाजाविषयी बाहेरच्या माणसाचे मत पुस्तकापेक्षा वर्तमानपत्रातल्या फोटोवरून अधिक बनते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

2002 साली अहमदाबादेत अर्को दत्त यांनी टिपलेला कुतुबुद्दीन अन्सारी यांचा फोटो सर्वांना ठाऊक आहे. जोडलेले हात, पाण्याने भरलेले डोळे. हा फोटो खरा होता आणि आवश्यकही होता. हजार बातम्यांनी जे झाले नसते ते त्याने केले. परंतु शिवणकाम करून पोट भरणाऱ्या या माणसाचा चेहरा त्यानंतर त्याचा स्वतःचा राहिला नाही. अहमदाबाद सोडून त्यांना काही काळ मालेगावला आणि पुढे कोलकात्याला राहावे लागले. आपला फोटो राजकारणासाठी वापरला जातो, ही तक्रार त्यांनी जाहीरपणे अनेकदा केली. फोटोने जगाला जागे केले, पण फोटोतल्या माणसाला त्या एका क्षणातून बाहेर पडू दिले नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा फोटो धारावीत तयार झाला. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या मुंबईतील दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे 900 माणसे मेली. त्यांत 575 मुस्लिम आणि 275 हिंदू होते. त्यानंतर धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी सलोख्याचे काम केले. कपड्यांच्या धंद्यातल्या वकारभाईंनी हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिस्ती अशा वेशातल्या मुलांचा फोटो काढवून घेतला आणि 'हम सब एक हैं' असे पोस्टर केले. अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या 'नाता' (2003) या माहितीपटात या दोघांची दोस्ती पाहायला मिळते.

या पोस्टरची मोठी जमेची बाजू ही, की ते वस्तीने वस्तीसाठी केले. बाहेरून कोणी दया करायला आले नव्हते. तरीही समीक्षकाला एक उणीव नोंदवावीच लागेल. पोस्टरमधले मूल टोपीमुळे मुस्लिम ठरते. ते मूल शाळेत जाते, गृहपाठ चुकवते, नळावर भांडते, हे त्यात कुठेच नाही. दरवर्षी ईदला छापून येणाऱ्या गळाभेटीच्या फोटोचेही असेच आहे. हेतू चांगला असतो, परंतु माणसाच्या जागी खूण उभी राहते.

मग फोटो कसा असावा? याचे एक उत्तर आमच्या वर्धा जिल्ह्यातच आहे. सावंगीपासून सेवाग्राम दूर नाही. तिथे कनू गांधींनी 1938 पासून गांधीजींचे दैनंदिन जीवन टिपले. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेरा आला. गांधीजींच्या अटी तीन होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, फोटोसाठी आपण मुद्दाम उभे राहणार नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. पुढे कनू गांधी नोआखालीतही गेले. ऑक्टोबर 1946 मध्ये तिथे मार खाल्ला तो मुख्यतः हिंदूंनी, हेही आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जखमेला धर्म नसतो.

या तीन अटी मला समीक्षेच्या कसोटीसारख्या वाटतात. फ्लॅश नको, म्हणजे समोरच्याला दिपवायचे नाही. मुद्दाम उभे करायचे नाही, म्हणजे त्याला रडका किंवा आदर्श बनवायचे नाही. आणि पैशाचा मिंधेपणा नको, म्हणजे कोणाच्या सोयीचे चित्र काढायचे नाही. यात चौथी अट आपण घालावी, ती परवानगीची. आपल्यातली काही कुटुंबे दीनी कारणाने तसवीर काढू देत नाहीत. त्यांचा नकार कॅमेऱ्याने निमूटपणे मानला पाहिजे. ज्या माणसाला त्याच मोहल्ल्यात उद्या राहायचे आहे, त्याचा चेहरा छापण्याआधी त्याला विचारणे हा कलेचाच भाग आहे.

2002 चा दुसरा गाजलेला फोटो सेबॅस्टियन डिसूझा यांनी काढला होता: कपाळाला पट्टी, हातात लोखंडी सळई, मागे आग. त्यातले अशोक परमार हे चांभारकाम करणारे. आपण हिंसेत सामील नव्हतो, असे ते सांगत आले आहेत. 2019 मध्ये त्यांनी अहमदाबादेत चपलांचे दुकान काढले. 'एकता' हे नाव दिलेल्या त्या दुकानाचे उद्घाटन अन्सारींनी केले. एक शिंपी आणि एक चांभार चपलांच्या दुकानात एकत्र उभे आहेत, हे चित्र जुन्या दोन फोटोंइतके गाजले नाही. त्यात आग नाही, आसवे नाहीत. पण त्या दोघांची खरी ओळख, म्हणजे त्यांचा धंदा, त्यातच दिसते.

आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. तरी आपण शादी, जलसा आणि सत्कार यांचेच फोटो काढतो. शिलाईयंत्रावरची अम्मी, दुकानाचे शटर उघडणारे अब्बा, शेजारच्या काकूंशी भाजीवरून चाललेले बोलणे, ओसरीवर अभ्यास करणारी मुलगी यांची नोंद कोणीच ठेवत नाही. आपले रोजचे जगणे आपण टिपले नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती फक्त दंगलीची कात्रणे आणि ईदची पोस्टरे राहतील. आपल्या लेखकांनी कथेत जे काम केले, ते आता आपल्या मुला-मुलींनी कॅमेऱ्याने करावे, असे मनापासून वाटते.