वाडेकरांचा ३-० आणि आपलं ‘यामुळे’

परवा पेणहून रोह्याला जाताना गाडीत एका एम.एस्सी.च्या मुलाने विचारलं, "सर, सहसंबंध आणि कारण यात फरक काय?" नागोठणं येईपर्यंत मी अजित वाडेकरांवर पोचलो होतो.

वाडेकरांवरचे बरेच लेख एक सरळ रेघ ओढतात: १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणारा कर्णधार, म्हणून १९९०च्या दशकात यशस्वी मॅनेजर. वाचायला छान आहे, पण पुरावा कच्चा.

हे बघा. १९७४ मध्ये कर्णधार वाडेकर इंग्लंडमध्ये ०-३ हरले. लॉर्ड्सवर तर सगळा संघ ४२ धावांत गारद! १९९३ मध्ये ते मॅनेजर असताना आपण इंग्लंडला ३-० धुतलं. माणूस तोच, पण मैदानं घरची, खेळपट्ट्या फिरकीला धार्जिण्या, कर्णधार अझरुद्दीन, हाताशी कुंबळे. इतकं सगळं एकदम बदललं, तर श्रेय नेमकं कुणाचं?

म्हणून निकाल नको, निर्णय तपासा. मार्च १९९४, ऑकलंड. सिद्धूची मान आखडली, तेंडुलकरने सलामीला जाऊ द्या म्हणून गळ घातली, अझर-वाडेकरांनी होकार दिला. ४९ चेंडूंत ८२ धावा! इथे मॅनेजरचा वाटा दिसतो, आणि तो किती हेही कळतं. कल्पना त्यांची नव्हती. त्यांनी ती अडवली नाही. हेही कमी नाही.

तुम्हीही प्रबंधात ‘यामुळे’ लिहिण्याआधी विचारा, आणखी काय बदललं होतं? माझ्या दुसऱ्या प्रकरणातले तीन ‘यामुळे’ मी कालच खोडलेत.