फादर स्टीफन्स ह्यांचे गोव्याहून पहिले पत्र

‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे नाव मराठी वाचकांस सुपरिचित आहे. आमच्या भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या कोणत्या ना कोणत्या निमित्ताने बहुतेकांच्या कानावरून गेलेल्या असतात. परंतु ह्याच गृहस्थांनी गोव्याच्या भूमीवर पाऊल ठेवल्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी आपल्या वडिलांस जे पत्र धाडले, ते वाचण्याची तसदी आमच्यापैकी फार थोडे घेतात. पुढे कवी झालेल्या ह्या तरुण धर्मोपदेशकाचे आरंभीचे दिवस कसे होते, हे जाणण्यास ह्या पत्रासारखे साधन नाही. म्हणून त्याचा थोडा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

स्टीफन्स हे इंग्लंडातील विल्टशर परगण्याचे. १५७५ साली रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच पोर्तुगीज गलबतांचा तांडा निघाला, त्यातून ते निघाले व २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. पत्रावर १० नोव्हेंबर ही तारीख आहे. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. पुढे हॅक्लूट ह्या इंग्रज संग्राहकाने आपल्या प्रवासवृत्तांच्या प्रसिद्ध ग्रंथात हे पत्र छापले.

धर्मप्रसारकाचे पत्र म्हणून जो कोणी ते उघडील, त्याची प्रथम निराशाच होईल. पत्राचा बहुतेक भाग समुद्राने व्यापला आहे. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडून गलबते खोळंबली, केप ऑफ गुड होपला वळसा घालताना वादळाचे भय कसे वाटले, हिरड्या सुजून व अंग फुगून दीडशेंवर माणसे आजारी पडली आणि त्यांतली सत्तावीस दगावली, हे सर्व त्यांत आहे. उत्तर-दक्षिण अंतर मोजण्यास आकाशात खूण असते, पूर्व-पश्चिम मोजण्यास तशी नसते, ही नावाड्यांची अडचण त्यांनी वडिलांस मोठ्या आस्थेने समजावून दिली आहे. ह्याच अडचणीपायी, हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असता गलबत प्रवाहाने ओढले जाऊन सोकोत्रा बेटाच्या बाजूस भरकटले होते. मग ओळखीचे पक्षी, माडाच्या झावळ्या, पाण्यावर पोहणारे साप अशा एकेका खुणेने भूमी जवळ येऊ लागते. हा भाग आम्हांस फार बहारीचा वाटला. लेखकाची नजर चौकस आहे, भाषा साधी आहे आणि न पाहिलेले पाहिले म्हणून सांगण्याचा मोह त्यांस कोठेही झालेला नाही.

आणि गोवे? गोव्याच्या वाट्यास शेवटच्या काही ओळी आल्या आहेत. युरोपात पाहिलेले एकही झाड, द्राक्षवेलीखेरीज, येथे दिसत नाही. माडापासून पेय मिळते. लोक सावळे आहेत आणि सामान्य माणसे लंगोटीवर वावरतात. बस्स, इतकेच! लोकांच्या देवधर्माचे वर्णन नाही, भाषेविषयी एक अक्षर नाही. ज्यांच्यासाठी सात महिने मृत्यूशी गाठ घालीत हा मनुष्य आला, ते त्यास अद्यापि दिसलेच नव्हते, असे म्हणावे लागते.

ह्यावर दोन प्रकारचे वाचक दोन प्रकारचे निवाडे देतील. पहिले म्हणतील, पुढच्या महाकवीची बीजे ह्या पत्रात ठायी ठायी आढळतात. हे आम्हांस मान्य नाही. कीर्ती झाल्यावर माणसाच्या बाळपणीही तेजोवलय शोधण्याची जी खोड चरित्रकारांस असते, तिचाच हा प्रकार होय. दुसरे म्हणतील, परकी सत्तेच्या आश्रयाने आलेल्या पाद्र्याकडून दुसरे काय अपेक्षावे? ह्या आक्षेपात तथ्य आहे, ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते; ज्या साष्टी प्रांतात स्टीफन्स ह्यांचे आयुष्य पुढे जावयाचे होते, तेथील देवळे त्यांच्या आगमनापूर्वीच पाडली गेली होती. पत्रात ह्याचा मागमूस नाही, ही उणीव मोठीच आहे. तथापि तेवढ्यावरून लेखकाच्या मनास कुलूप ठोकणे न्यायाचे होणार नाही.

कारण त्या त्रोटक वर्णनातच एक वाक्य असे आहे की जेथे आम्ही थबकलो. लोकांच्या अपुऱ्या वस्त्रांचा उल्लेख केल्यावर लेखक म्हणतात की, आपण युरोपीय आपल्या साऱ्या थाटामाटात स्वतःस जितके नीटनेटके समजतो, तितकेच हे लोकही स्वतःस समजतात. सतरा दिवसांच्या पाहुण्याने यजमानाच्या डोळ्यांनी स्वतःकडे क्षणभर पाहिले, एवढाच ह्याचा अर्थ. ह्याला प्रेम म्हणता येणार नाही, आदरही म्हणता येणार नाही. पण ज्यावाचून आदर संभवतच नाही ती गोष्ट येथे आहे.

पुढील मजल १५८३ च्या पत्रात दिसते. आपला बंधू रिचर्ड ह्यास लिहिताना ते येथील भाषांच्या रचनेचे कौतुक करतात आणि ग्रीक व लॅटिन ह्यांच्याशी तिचे साम्य असल्याचे सांगतात. सर विल्यम जोन्स ह्यांचे सुप्रसिद्ध भाषण १७८६ सालचे आहे, हे ध्यानात घेता ह्या निरीक्षणाचे मोल कळेल. त्याच १५८३ साली कुंकळ्ळी येथे देवळांच्या विध्वंसाने संतापलेल्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांस ठार केले आणि नंतर गावच्या पुढाऱ्यांस पोर्तुगिजांनी असोळणेच्या किल्ल्यात मारविले. अशा रक्ताळलेल्या भूमीवर राहूनही ह्या मनुष्याचा भाषेचा अभ्यास थांबला नाही, आणि १६१६ साली, म्हणजे पहिल्या पत्रानंतर सदतीस वर्षांनी, सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रायतूर येथे छापून निघाला. त्याचा हेतू धर्मप्रसाराचाच होता. परंतु ओवी आमची होती, आणि ती परक्या मनुष्याच्या हाती अवघडलेली नाही.

वाचकांस आमची सूचना अशी की, ख्रिस्तपुराण हाती घेण्यापूर्वी हे पत्र वाचावे. डोळे घेऊन आलेला माणूस पत्रात दिसतो. परंतु समुद्राचे ज्ञान असल्यामुळे त्यास समुद्र दिसला आणि भाषेचे ज्ञान नसल्यामुळे माणसे दिसली नाहीत. माणसे दिसू लागण्यास त्यास आधी आमची भाषा शिकावी लागली. परक्या देशात उपदेश करण्यास, सुधारणा करण्यास किंवा नुसती नोकरी करण्यास जे आज जातात, त्यांत आमचीही मुले आहेत. पहिल्या पंधरवड्यात घरी लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्या लोकांविषयी काय लिहिले आहे, हे त्यांच्या वडीलमंडळींनी एकदा अवश्य पाहावे. आणि ते थोडे असल्यास रागावू नये, मात्र चार वर्षांनंतरच्या पत्राची वाट पाहावी.