मायबोलीचे इंग्रजी : स्थलांतरितांच्या कादंबरीतील एक लेखनसंकेत

स्थलांतरितांच्या साहित्याची चर्चा आपल्याकडे बहुधा आशयाच्या अंगाने होते. नायकाने नाव बदलले का, सण पाळले का, परधर्मीयाशी विवाह केला का, मुलांना मायबोली शिकवली का, अशा प्रश्नांची उत्तरे कादंबरीतून वेचायची आणि ती ‘वारसा’ व ‘सामीलीकरण’ अशा दोन रकान्यांत मांडायची, ही पद्धत पदव्युत्तर प्रबंधिकांतून इतकी रुळली आहे की तिच्यात काही उणे आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. वस्तुतः हे दोन रकाने साहित्याने निर्माण केलेले नाहीत; ते अमेरिकेतील एका राजकीय वादातून आले आहेत. इझ्रायल झँगविल या लंडनच्या ज्यू नाटककाराचे ‘द मेल्टिंग पॉट’ हे नाटक 1908 मध्ये वॉशिंग्टनला रंगभूमीवर आले आणि सर्व जुन्या ओळखी वितळवून नवा मनुष्य घडवणाऱ्या मुशीची प्रतिमा त्याने लोकप्रिय केली. 1915 मध्ये होरेस कॅलन याने ‘द नेशन’ या साप्ताहिकातून तिला विरोध केला. त्याच्या मते अमेरिका ही मूस नसून वाद्यवृंद असायला हवी. प्रत्येक समूहाने आपले वाद्य आपल्याच स्वरात वाजवावे. दोन्ही प्रतिमा वक्तृत्वाच्या सोयीच्या आहेत. पण एखादी कादंबरी यांपैकी कोणत्या बाजूची, असे विचारणे म्हणजे तिला मतदान करायला लावणे होय.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे वेगळ्या ठिकाणाहून पाहायचे आहे. स्थलांतरितांविषयी इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकारापुढे पहिल्याच संवादाला एक अडचण उभी राहते. त्याची पात्रे घरात इंग्रजी बोलत नाहीत. मग इंग्रजी कादंबरीत त्यांनी बोलायचे कसे? मूळ शब्द ठेवावेत, मोडके इंग्रजी त्यांच्या तोंडी घालावे, की नितळ भाषांतर करावे? वरवर पाहता ही कारागिरीची बाब आहे. माझे म्हणणे असे की सामीलीकरणाचा दाब कथानकापेक्षाही या निवडीत अधिक खरेपणाने नोंदवला जातो, आणि लेखकाच्या घोषित भूमिकेशी ती नोंद जुळतेच असे नाही. हे दाखवण्यासाठी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील यिडिशभाषक ज्यूंच्या दोन कादंबऱ्या मी घेतो. त्यांपैकी दुसरीवर येथे अधिक थांबायचे आहे.

पहिली एब्राहम काहान याची ‘येक्ल’ (1896). काहान 1882 मध्ये रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आला. पुढे ‘फोरव्हर्ट्स’ या यिडिश दैनिकाचा संपादक म्हणून त्याने कित्येक दशके गाजवली. त्या दैनिकाची गंमत अशी की ते यिडिश जिवंत ठेवत होते आणि त्याच यिडिशमधून वाचकांना अमेरिकन कसे व्हावे याचे धडेही देत होते. वारसा आणि सामीलीकरण यांना परस्परविरोधी मानणाऱ्यांनी हे एक उदाहरण तरी ध्यानात ठेवावे. ‘येक्ल’चा नायक शिवणकामाच्या कारखान्यातील कामगार आहे. अमेरिकेत तो जेक झाला आहे. तीन वर्षांनी पत्नी गिट्ल आणि मुलगा गावाहून येतात तेव्हा तिच्या जुन्या वळणाच्या पेहरावाची आणि केशरचनेची त्याला लाज वाटते. तो मुलाला जोई करतो आणि अखेर घटस्फोट घेऊन दुसरीकडे लग्न करायला निघतो. काहान प्रारंभीच तळटीप देऊन सांगतो की पात्रांच्या यिडिशमध्ये मिसळलेले इंग्रजी शब्द तिरप्या ठशात छापले आहेत. परका शब्द तिरपा छापावा हा मुद्रणाचा संकेत येथे उलटा फिरला आहे. इंग्रजी पुस्तकात इंग्रजी शब्दच परके ठरतात, आणि वाचकाला स्वतःची भाषा वाकड्या उच्चारांत, पाहुण्यासारखी भेटते. मात्र याचा परिणाम बव्हंशी विनोदी होतो. निवेदक वाचकाच्या शेजारी उभा राहून वस्ती दाखवणाऱ्या वाटाड्याचे काम करतो. जेकला हसण्याची मुभा तळटिपेपासूनच मिळालेली असते. शेवटी ट्राममध्ये बसलेला जेक स्वतःला विजयी न समजता पराभूत समजतो, हा काहानचा खरा कलात्मक क्षण. पण तो येईपर्यंत आपण बरेच हसून घेतलेले असतो.

हेन्री रॉथ याच्या ‘कॉल इट स्लीप’ (1934) मध्ये हा वाटाड्या नाही. 1907 साली, म्हणजे एलिस बेटावरून दहा लाखांहून अधिक स्थलांतरित अमेरिकेत शिरले त्या वर्षी, गेन्या आपल्या लहानग्या डेव्हिडला घेऊन बोटीने येते. न्यायला आलेला पती आल्बर्ट मुलाच्या डोक्यावरची टोपी पाहून संतापतो, कारण ती परदेशी दिसते, आणि ती पाण्यात भिरकावतो. आशयवादी समीक्षेला हा प्रसंग प्रिय असणे स्वाभाविक आहे. टोपी म्हणजे वारसा, बुडणे म्हणजे सामीलीकरण, असा हिशेब झटकन जुळतो. परंतु कादंबरीचे खरे काम पुढे, जिन्यावर सुरू होते. घरात गेन्या यिडिश बोलते आणि रॉथ ते यिडिश गंभीर, लयदार, जवळजवळ बायबलच्या वळणाच्या इंग्रजीत देतो. आल्बर्टचा संतापसुद्धा भारदस्त शब्दांत फुटतो. बर्थामावशी शिवराळ आहे, पण तिची शिवी ठसठशीत आहे. हाच डेव्हिड जिना उतरून रस्त्यावर आला की इंग्रजी बोलू लागतो, आणि ते उच्चारबरहुकूम मोडके लिहिले जाते. इतके मोडके की वाचकाला ते मोठ्याने म्हणून पाहावे लागते, तेव्हा कोठे अर्थ लागतो. इंग्रजी वाचकाला त्याच्याच भाषेत निरक्षर करण्याची ही युक्ती आहे. उलट गेन्याला जेव्हा इंग्रजीत बोलावे लागते तेव्हा तीच विचारी, धीरगंभीर स्त्री चार तुटक शब्दांपुरती उरते.

ब्राउन्सव्हिल भागात डेव्हिड हरवतो तो प्रसंग या संकेताचा कळस आहे. रस्त्याचे नाव त्याला फक्त घरच्या माणसांच्या तोंडच्या उच्चाराने ठाऊक आहे. तो ते नाव पुन्हा पुन्हा सांगतो. ऐकणारा प्रत्येक जण त्यातून निराळा रस्ता ऐकतो. पोलीस ठाण्यातही तेच. मुलाला पत्ता माहीत नाही असे नव्हे, तो अगदी बरोबर सांगतो आहे. पण तो ज्या ध्वनीत जपलेला आहे ते ध्वनी दाराबाहेर चलनात नाहीत. येथे कोणी कोणाचा वारसा हिरावून घेत नाही, पोलीस तर प्रेमळच आहेत. तरी सामीलीकरणाचा दाब म्हणजे काय हे या काही पानांइतके नेमके फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळते.

यावरून रॉथने यिडिशला तिची प्रतिष्ठा परत दिली असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. हाना वर्थ-नेशर यांनी या कादंबरीच्या इंग्रजीखाली यिडिश आणि हिब्रू कशा वावरतात हे बारकाईने उलगडले आहे, आणि त्यानंतर कोणालाही ही संहिता एकभाषिक समजता येणार नाही. माझी शंका पुढची आहे. गेन्याच्या बोलण्याला जी उंची मिळते ती कोणाच्या मापाने? ती इंग्रजी काव्यपरंपरेच्या आणि इंग्रजी बायबलच्या मापाने मिळते. प्रत्यक्ष यिडिश ही जर्मन, हिब्रू आणि स्लाव्ह भाषांच्या सरमिसळीतून झालेली, बाजारात आणि स्वयंपाकघरात सारखीच चपळ असणारी भाषा; तिची ती सरमिसळ गेन्याच्या तोंडून नाहीशी झाली आहे. आईची भाषा वाचवायची तर तिला आईला न येणाऱ्या भाषेतले सर्वोत्तम कपडे चढवावे लागतात. ज्या मुलाने हे पुस्तक लिहिले त्याच्या घरातल्या गेन्येला ते वाचता आले नसते. यात लेखकाचा दोष काढण्याचा प्रश्न नाही. जतन करण्याची कृती आणि सोडून जाण्याची कृती या पुस्तकात एकाच वाक्यात घडतात, आणि दोन रकान्यांची समीक्षा नेमकी येथेच अपुरी पडते.

शिवाय ‘वारसा’ हा एकवचनी शब्दही या कादंबरीला पुरत नाही. डेव्हिडच्या आयुष्यात चार भाषा आहेत. यिडिश घरची, इंग्रजी रस्त्यावरची. हिब्रू पाठशाळेतली; ती तो घोकतो, पण तिचा अर्थ त्याला लागत नाही. यशया संदेष्ट्याच्या ओठांना देवदूत पेटता निखारा लावतो ही कथा मात्र त्याच्या मनात घर करते. चौथी पोलिश. गेन्या बर्थाला आपल्या तरुणपणातली ख्रिस्ती प्रियकराची हकीकत सांगू लागते तेव्हा मुलाला कळू नये म्हणून मध्येच पोलिशमध्ये शिरते. डेव्हिडला तुकडे तेवढे कळतात. तो माणूस चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा होता, पण ‘ऑर्गनिस्ट’ म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. पुढे गुरुजींसमोर तो एक थाप रचतो: आपली खरी आई मेली असून बाप युरोपातल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. घोकलेली हिब्रू त्याला प्रार्थना देते, यिडिश आईची माया देते; पण त्याला कथाकार बनवते ती लपवलेली पोलिश. जे मुद्दाम दिलेच गेले नाही त्यातून त्याने स्वतःचा वंश रचला आहे. जुन्या देशाचा वारसा म्हणून आपण ज्याचा गौरव करतो त्यात मौनाचा एवढा वाटा असतो हे सांगणारी दुसरी कादंबरी मला चटकन आठवत नाही.

(हिब्रूचा उल्लेख आला म्हणून सांगतो. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. 1948 नंतर त्यांतील पुष्कळ जण इस्राएलला गेले, आणि तेथे त्यांच्या मराठीवर दाब आला तो हिब्रूचा. त्याच हिब्रूने तेथे यिडिशलाही मागे सारले. न्यूयॉर्कमध्ये पवित्र पण निरर्थक वाटणारी भाषा दुसऱ्या भूमीत सामीलीकरणाची भाषा झाली. या दृष्टीने मराठी आणि यिडिश यांचा तुलनात्मक अभ्यास कोणीतरी मनावर घ्यायला हवा.)

मराठी वाचकाला रॉथचा संकेत विशेष जाणवण्याचे कारण आपल्या कादंबरीत आहे. ‘बनगरवाडी’त (1955) निवेदन प्रमाण मराठीत आणि धनगरांचे बोलणे माणदेशी बोलीत आहे, ग्रामीण कादंबरीने हा संकेत पुढे सार्वत्रिक केला. तेथे बोली म्हणजे मातीशी असलेल्या नात्याचा पुरावा. रॉथकडे पुरावा उलट्या बाजूला आहे, म्हणून ‘कॉल इट स्लीप’ मराठीत आणणाऱ्याची पंचाईत होईल. गेन्याची यिडिश प्रमाण मराठीत देता येईल. पण रस्त्यावरच्या पोरांचे इंग्रजी? माणदेशी, वऱ्हाडी वा मालवणी वापरणे साफ चुकीचे ठरेल, कारण या बोलींना भूमी आहे, आजी-आजोबा आहेत, ओव्या आहेत. त्या पोरांच्या इंग्रजीला मागे काहीच नाही. कोणत्याही घरात ती कोणाची मायबोली नव्हती. मला सुचणारे सर्वांत जवळचे रूप म्हणजे मुंबईच्या गल्ल्यांतून मराठी, तेलुगू, गुजराती, कोकणी मुलांनी एकमेकांशी बोलताना घडवलेली हिंदी. ती वापरली तर मात्र मराठी कादंबरीतील रस्ता हिंदी होईल, आणि भाषांतराची अडचण सोडवता सोडवता आपण आपल्याच शहराविषयी काहीतरी बोलून जाऊ. बाख्तिनच्या अनेकध्वनित्वाचा हवाला अशा वेळी हमखास दिला जातो. पण कादंबरीत अनेक आवाज आहेत एवढे म्हणून भागत नाही. त्यांतला कोणता आवाज कोणाच्या खर्चाने सुबक झाला, हे विचारावे लागते.

रॉथनंतरच्या भारतीय-अमेरिकन कादंबरीशी येथे ओझरती तुलना करतो. झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’ (2003) मध्ये आशिमा आणि अशोक यांचे बंगाली संभाषण निवेदनाच्याच शांत, नितळ इंग्रजीत येते. बंगाली संपून इंग्रजी कोठे सुरू झाले हे बव्हंशी कानाला कळत नाही. नावांचा प्रश्न कथानकात केंद्रस्थानी असूनही भाषेचा सांधा मात्र गुळगुळीत आहे. हे सुशिक्षित कुटुंब आहे, त्यांना इंग्रजी येते, हे मान्य. तरीही वारशाची चिंता जिथे सर्वांत स्पष्ट बोलली गेली आहे तिथेच ती ऐकू येईनाशी झाली आहे, असे मला वाटते. लाहिरी पुढे इटालियनमध्ये लिहू लागल्या हे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे.

रॉथच्या पुस्तकाचे पुढे काय झाले तेही याच प्रश्नाचा भाग आहे. प्रसिद्धीनंतर ते लवकरच विस्मृतीत गेले. 1956 मध्ये ‘अमेरिकन स्कॉलर’ने दुर्लक्षित पुस्तकांविषयी समीक्षकांना विचारले तेव्हा लेस्ली फीडलर आणि आल्फ्रेड केझिन या दोघांनीही याचेच नाव घेतले. 1964 च्या स्वस्त आवृत्तीनंतर त्याच्या लाखो प्रती खपल्या. तोवर त्या पोरांची पिढी पन्नाशी ओलांडून गेली होती आणि तिचे इंग्रजी दुरुस्त झाले होते. रॉथ मात्र गप्प होता. मेन राज्यात तो बदके आणि हंस पाळत असे. त्याची दुसरी कादंबरी, ‘मर्सी ऑफ अ रूड स्ट्रीम’चा पहिला खंड, 1994 मध्ये म्हणजे साठ वर्षांनी आली. पहिल्या पुस्तकात आईचे सारे यिडिश इंग्रजी होऊन गेले होते, त्यामुळे शब्दार्थांची गरज पडली नव्हती. नव्या पुस्तकात यिडिश शब्द यिडिश म्हणूनच, सुटे सुटे, इंग्रजी वाक्यांत विखुरलेले आहेत. आणि शेवटी त्यांच्या अर्थांची यादी जोडलेली आहे.